गुप्त बातमीदाराचे नाव न्यायालय कधी उघड करायला लावते, आणि ते लपवण्याची किंमत कोणी मोजायची?

कायदा_वाचक (धागाकर्ता)

“गुप्त बातमीदारामार्फत खात्रीशीर बातमी मिळाल्यावरून सापळा रचला” हे वाक्य आपल्याकडच्या फिर्यादींत आणि वर्तमानपत्रांत इतक्या वेळा येते की वाचणारा तिथे थांबतच नाही. ज्याच्यावर खटला उभा राहतो त्याच्या मनात मात्र पहिला प्रश्न तिथेच उभा राहतो. हा बातमीदार कोण, त्याने स्वतः काय पाहिले, आणि त्याला साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करून उलटतपासणी घेण्याची संधी मला कधी मिळणार की नाही? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली रोव्हिआरो खटल्यात या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याचा आधार तिथली न्यायालये आजही घेतात. ते उत्तर मराठीत नीट मांडावे आणि आपल्या कायद्याशी ताडून पाहावे, यासाठी हा धागा काढत आहे.

घटना शिकागोमधली, ऑगस्ट १९५४ची. रोव्हिआरोवर ‘जॉन डो’ नावाच्या इसमाला हेरॉइन विकल्याचा आरोप होता, आणि हे नाव खरे नव्हते. पोलिसांच्या वतीने काम करणाऱ्या या डोच्या कॅडिलॅक गाडीच्या डिकीत एक पोलीस अधिकारी लपून बसला होता, तर अमली पदार्थविरोधी विभागाचा केंद्रीय अधिकारी दुसऱ्या गाडीतून पाठलाग करत होता. गाडीत बसल्यावर रोव्हिआरोने डोकडे राहिलेल्या पैशांची चौकशी केली आणि कोणी मागावर असेल तर त्याला चुकवण्यासाठी गाडी कडेला घेऊन दिवे बंद करायला सांगितले, असे डिकीतल्या अधिकाऱ्याने ऐकले. पुढे गाडी थांबल्यावर रोव्हिआरो एका झाडापाशी गेला, तिथले पुडके उचलले, परत येऊन गाडीत काहीतरी ठेवल्यासारखी हालचाल केली आणि निघून गेला. गाडीत हेरॉइनचे पुडके सापडले. मात्र त्याच रात्री पोलीस ठाण्यात दोघांना समोरासमोर आणले, तेव्हा डोने आपण या माणसाला ओळखत नाही, कधी पाहिलेलेही नाही, असे सांगितले.

खटल्यात बचाव पक्षाने डोचे नाव वारंवार मागितले. सरकारने ते दिले नाही, खालच्या न्यायालयांनी तो नकार मान्य केला आणि रोव्हिआरोला शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध एक अशा बहुमताने ती शिक्षा रद्द केली. निकालपत्र न्यायमूर्ती बर्टन यांचे आहे. बातमीदाराचा विशेषाधिकार म्हणून जो ओळखला जातो तो वास्तविक सरकारचा विशेषाधिकार आहे, असे त्यांनी सुरुवातीलाच स्पष्ट केले. गुन्ह्याची माहिती देणे हे नागरिकाचे कर्तव्य आहे, ते त्याने निर्भयपणे पार पाडावे म्हणून सरकारला नाव राखून ठेवण्याची मुभा दिलेली आहे, आणि ज्या हेतूसाठी ही मुभा आहे त्या हेतूइतकीच तिची मर्यादा आहे. ज्या मजकुरातून ओळख पटत नाही तो मजकूर लपवता येत नाही. ज्यांच्या रोषापासून बातमीदाराला वाचवायचे त्यांनाच नाव कळलेले असेल, तर लपवण्यासारखे काही उरत नाही. आणि बातमीदाराची ओळख किंवा त्याने दिलेली माहिती आरोपीच्या बचावाला उपयोगी असेल, अथवा खटल्याचा न्याय्य निर्णय होण्यासाठी आवश्यक असेल, तर विशेषाधिकाराला बाजूला व्हावे लागते.

न्यायालयाने कोणताही ठरीव नियम सांगितला नाही. आरोप कोणता आहे, बचाव कोणता असू शकतो आणि बातमीदाराच्या साक्षीला किती महत्त्व येऊ शकते, हे प्रत्येक खटल्यात तोलून पाहावे, असे म्हटले. या खटल्यात तोल आरोपीकडे झुकला, कारण आरोपीखेरीज त्या व्यवहारात प्रत्यक्ष सहभागी असलेला माणूस डो हाच एकटा होता. त्या व्यवहाराला फूस कोणाची होती, पुडक्यात काय आहे हे रोव्हिआरोला ठाऊक होते का, हे त्याच्याशिवाय सांगणारे कोणी नव्हते. शिवाय पोलीस ठाण्यात त्याने ओळखच नाकारलेली होती. न्यायमूर्ती क्लार्क यांचा विरोधी सूर अमली पदार्थांच्या व्यापाराचा बीमोड बातमीदारांशिवाय होत नाही या काळजीतून आला होता, आणि ती काळजी खोटी नव्हती.

दहा वर्षांनी, १९६७ साली, मॅक्रे खटल्यात त्याच न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी नाव लपवण्याच्या बाजूने निकाल दिला. हेही प्रकरण शिकागोचेच होते. बातमीवरून आरोपीला रस्त्यात अटक झाली आणि त्याच्याजवळच्या सिगारेटच्या पाकिटात हेरॉइन मिळाले. मात्र इथला बातमीदार व्यवहारात कुठेच नव्हता. त्याने फक्त माणूस दाखवला होता, आणि वादाचा मुद्दा आरोपी दोषी आहे की नाही हा नसून पोलिसांना अटक करण्यास पुरेसे कारण होते की नाही एवढाच होता. बातमीदार पूर्वीपासून विश्वासार्ह का ठरला होता हे अधिकाऱ्यांनी शपथेवर सांगितले, त्यांची उलटतपासणी झाली, न्यायाधीशांना ते खरे वाटले, आणि तेवढ्यावर भागले.

हे दोन निकाल शेजारी ठेवले की विभागणी कळते. केवळ बोट दाखवणाऱ्याचे नाव बहुधा झाकलेले राहते, तर गुन्ह्याच्या व्यवहारात हात घातलेला माणूस साक्षीदार होतो आणि त्याचे नाव झाकून ठेवणे कठीण होते. मला मात्र रोव्हिआरो निकालातील सर्वांत मोलाची गोष्ट वेगळीच वाटते. न्यायालयाने नाव सांगण्याचा आदेश दिल्यावरही सरकार ते न सांगण्याचा निर्णय घेऊ शकते, परंतु मग न्यायालय खटलाच काढून टाकू शकते. गुप्तता राखण्याचा अधिकार ज्याचा, त्यानेच तिची किंमत मोजायची, ती आरोपीच्या माथी मारायची नाही. आपल्या कायद्यात हे कुठे दिसते, हे जाणकारांनी सांगावे.

सत्र_वकील

धागा वेळेवर काढलात. आपल्याकडे १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम १२५ होते आणि आता १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम १३१ त्याच्या जागी आले आहे. गुन्हा घडल्याची माहिती कोठून मिळाली हे सांगण्याची सक्ती दंडाधिकाऱ्यावर किंवा पोलीस अधिकाऱ्यावर करता येणार नाही, आणि सरकारी महसुलाविरुद्धच्या गुन्ह्याबाबत हेच संरक्षण महसूल अधिकाऱ्यालाही आहे, असा जुन्या कलमाचा आशय होता. अमली पदार्थांच्या, म्हणजे एनडीपीएस कायद्यात कलम ६८ हे त्याच धर्तीचे आहे.

आपण विचारलेला अपवाद या कलमांच्या शब्दांत नाही. याला थोडा इतिहास आहे. कलम १२५ला नंतर कायम राहिलेले स्वरूप १८८७च्या दुरुस्तीने मिळाले. इंग्लंडमध्ये मार्क्स विरुद्ध बेफस हा प्रसिद्ध निकाल त्यानंतर तीन वर्षांनी, १८९० साली लागला. त्यात सरकारी अभियोग संचालकाने बातमीदाराचे नाव सांगण्यास दिलेला नकार न्यायालयाने मान्य केला खरा, परंतु लॉर्ड ईशर यांनी त्याच निकालात अपवादही सांगून ठेवला. कैद्याचे निर्दोषत्व दाखवण्यासाठी नाव उघड करणे आवश्यक आहे असे न्यायाधीशाला वाटले, तर निरपराध माणसाला शिक्षा होऊ नये हे धोरण गुप्ततेच्या धोरणावर मात करते. आपले कलम त्याआधीच लिहून झाले होते, आणि पुढे हा अपवाद त्यात घालण्याची गरज कोणत्याही विधिमंडळाला वाटली नाही. २०२३ साली तिन्ही फौजदारी कायदे नव्याने लिहिले गेले, तेव्हा ती संधी होती.

तरीही कलमाचा आवाका नीट वाचायला हवा. माहिती कोठून मिळाली एवढ्यावरच संरक्षण आहे. बनावट गिऱ्हाईक म्हणून पाठवलेला माणूस माहितीचा स्रोत राहत नाही, तो घटनेचा साक्षीदार होतो. त्याला अभियोग पक्षाने तपासले नाही, तर ते का तपासले नाही हा प्रश्न बचाव पक्ष विचारू शकतो आणि न्यायालय त्यातून प्रतिकूल अनुमान काढू शकते. रोव्हिआरोमधली विभागणी आपल्याकडे या आडवाटेने येते. ती प्रत्येक खटल्यात येतेच, असे मात्र मी म्हणणार नाही.

निवृत्त_अंमलदार

आपण सर्वजण आरोपीच्या बाजूने पाहत आहात, म्हणून दुसरी बाजू मांडणे मला आवश्यक वाटते. बातमीदार हा बहुधा त्याच वस्तीत राहणारा, त्याच नाक्यावर चहा पिणारा माणूस असतो. त्याची मुले तिथल्याच शाळेत जातात. त्याचे नाव एका अधिकाऱ्याला ठाऊक असते, आणि अनेकदा त्या अधिकाऱ्याच्या वरिष्ठालाही नसते. न्यायालयात नाव उच्चारले गेले, तर त्या एका माणसाचा प्रश्न राहत नाही. त्या भागातून पुढची अनेक वर्षे कोणी पोलिसांशी बोलत नाही.

अमेरिकेचीच उदाहरणे द्यायची, तर फ्लोरिडातील टॅलहासी इथली २००८ची घटना आहे. रेचेल हॉफमन ही २३ वर्षांची तरुणी किरकोळ अमली पदार्थांच्या प्रकरणात सापडली, पोलिसांनी तिला बातमीदार म्हणून मोठ्या खरेदीच्या सापळ्यात पाठवले आणि ज्यांच्याकडून खरेदी करायची होती त्यांनीच तिला ठार मारले. पुढच्या वर्षी त्या राज्याने बातमीदारांच्या सुरक्षेसाठी तिच्या नावाने ओळखला जाणारा कायदा केला. हे सर्व न्यायालयात नाव उघड होण्याच्या कितीतरी आधी घडले. मग उघड झाल्यावर काय होत असेल, याचा विचार करावा.

एक गोष्ट मात्र मी मान्य करतो. नाव लपवण्याचा अधिकार पोलिसांच्या स्वतःच्या सोयीसाठी वापरला गेला, तर तो सडतो. बॉस्टनचा टोळीप्रमुख व्हायटी बल्जर एफबीआयचा बातमीदार होता ही गोष्ट वर्षानुवर्षे दडवली गेली. १९९७ साली न्यायाधीश मार्क वुल्फ यांनी एका टोळीच्या खटल्यात नावे उघड करण्याचा आदेश दिला, तेव्हा ती अधिकृतपणे बाहेर आली. बल्जरला सांभाळणारा अधिकारी त्याला तपासाच्या खबरा पुरवत होता, हे नंतरच्या सुनावण्यांत सिद्ध झाले आणि त्या अधिकाऱ्याला तुरुंगवास झाला. तिथे गुप्ततेने बातमीदाराचे नव्हे, त्याच्या गुन्ह्यांचे रक्षण केले. बल्जरलाही २०१८ साली तुरुंगात इतर कैद्यांनी मारून टाकले, हेही विसरू नये.

ह्यूस्टनकर

मी अनेक वर्षे ह्यूस्टनमध्ये राहतो, म्हणून हे लिहितो. मॅक्रे निकालात न्यायाधीशाने अधिकाऱ्यावर विश्वास ठेवावा असे गृहीत आहे. तो विश्वासच खोटा निघाला तर काय होते, हे आमच्या शहराने २०१९च्या जानेवारीत पाहिले.

हार्डिंग स्ट्रीटवरच्या एका घरात आपल्या गुप्त बातमीदाराने हेरॉइन विकत घेतले, असे शपथपत्र जेराल्ड गोइन्स या पोलीस अधिकाऱ्याने दिले आणि दार न ठोठावता आत शिरण्याचे वॉरंट मिळवले. छाप्यात गोळीबार झाला, घरातले पती-पत्नी मारले गेले आणि पोलीसही जखमी झाले. घरात विक्रीचे हेरॉइन मिळाले नाही. चौकशी अधिकाऱ्यांनी बातमीदाराचा शोध घेतला, तेव्हा असा कोणी बातमीदार नव्हताच, हे उघडकीस आले. गोइन्सवर खुनाचा खटला चालला, २०२४ साली तो दोषी ठरला आणि त्याला ६० वर्षांची शिक्षा झाली. त्याच्या साक्षीवर उभ्या असलेल्या कित्येक जुन्या शिक्षा त्यानंतर पुन्हा तपासल्या गेल्या, काही रद्दही झाल्या.

२००६ साली अटलांटामध्ये ९२ वर्षांच्या कॅथरिन जॉन्स्टन यांच्या घरावर पडलेल्या छाप्यातही असेच झाले होते. अधिकाऱ्यांनी आधी खोट्या खरेदीवर वॉरंट मिळवले, आणि त्या वृद्धेचा जीव गेल्यावर एका खऱ्या बातमीदाराला, ती खरेदी तूच केलीस असे सांग, म्हणून गळ घातली.

निवृत्त अंमलदार यांची काळजी मला पूर्ण पटते. परंतु जो बातमीदार अस्तित्वातच नाही त्याचे नाव लपवल्याने कोणाचेही रक्षण होत नाही. तो आहे की नाही, एवढे तरी अधिकाऱ्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी पाहिलेच पाहिजे.

जिज्ञासू

एक साधी शंका आहे. बातमीदाराची माहिती आपल्या बचावाला उपयोगी पडेल हे आरोपीने दाखवायचे, असे धागाकर्त्यांनी लिहिले आहे. पण ज्याला तो माणूस कोण हेच ठाऊक नाही, तो त्याची साक्ष उपयोगी पडेल हे कोणत्या आधारावर सांगणार?

कायदा_वाचक (धागाकर्ता)

जिज्ञासू, आपली शंका साधी नाही. ती या विषयातील सर्वांत अवघड जागा आहे, आणि ह्यूस्टनकर यांच्या अखेरच्या वाक्याचे उत्तरही तिथेच आहे.

अमेरिकेतील अनेक न्यायालयांनी यावर काढलेला मार्ग म्हणजे इन-कॅमेरा सुनावणी. न्यायाधीश आपल्या दालनात, आरोपी आणि त्याचा वकील यांच्या अनुपस्थितीत, संबंधित अधिकाऱ्याला आणि गरज पडल्यास खुद्द बातमीदाराला प्रश्न विचारतात. बचावाच्या वकिलाला आपले प्रश्न आधी लेखी देता येतात. त्यातून आरोपीला उपयोगी असे काही निघाले, तर नाव उघड करण्याचा आदेश होतो, नाही तर नोंद मोहोरबंद होऊन वरच्या न्यायालयासाठी राखून ठेवली जाते. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९० साली लुटेनबर्गर खटल्यात याची पहिली पायरी सैल केली. वॉरंटच्या शपथपत्रातील विधाने खोटी आहेत असे सिद्ध करण्याची अपेक्षा आरोपीकडून ठेवली नाही. त्यांच्या खरेपणाविषयी सयुक्तिक शंका निर्माण केली, तरी न्यायाधीशांनी पोलिसांच्या नोंदी स्वतः पाहाव्यात, असे सांगितले. बातमीदार कोण हे ठाऊक नसलेल्या माणसाकडून याहून अधिक मागणे न्याय्य होणार नाही.

याच्या उलट टोकाला कॅनडा आहे. तिथे तोलून पाहण्याची पद्धतच नाही. १९९७ साली लायपर्ट खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने बातमीदाराची गुप्तता जवळपास अभेद्य मानली आणि आरोपीचे निर्दोषत्व पणाला लागले असेल तेव्हाच तिला अपवाद करता येईल, असे ठरवले. त्या प्रकरणात माहिती निनावी फोनवरून आली होती. क्षुल्लक वाटणाऱ्या तपशिलावरूनही आरोपी फोन करणाऱ्याला ओळखू शकतो आणि कोणता तपशील धोक्याचा आहे हे न्यायाधीशाला कळणे अशक्य आहे, या कारणावरून निनावी माहितीची काटछाट केलेली प्रतही आरोपीला नाकारली गेली. हा युक्तिवाद निवृत्त अंमलदार यांना पटेल, आणि मलाही तो निव्वळ अटकेच्या कारणापुरता पटतो. मात्र बातमीदार व्यवहारातच असेल, तर इन-कॅमेरा तपासणीला पर्याय आहे असे मला वाटत नाही, कारण तिच्याशिवाय नाव लपवण्याचा आणि नाव रचण्याचा अधिकार एकाच हाती राहतो.

मराठवाडी_वाचक

आपल्या राज्यात हा प्रश्न खटल्यांपेक्षा तडीपारीत अधिक टोकदार होतो, म्हणून ही भर घालतो. १९५१च्या महाराष्ट्र पोलीस अधिनियमातील कलम ५६प्रमाणे एखाद्याला जिल्ह्याबाहेर घालवताना, साक्षीदार जिवाच्या किंवा मालमत्तेच्या भीतीने उघडपणे पुढे यायला तयार नाहीत, असे अधिकाऱ्याचे मत असावे लागते. मग ‘अ’ आणि ‘ब’ अशा नावांनी गोपनीय जबाब नोंदवले जातात. ज्याला तडीपार करायचे त्याला कलम ५९खाली फक्त आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप कळवले जाते. पंढरीनाथ रांगणेकर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत ग्राह्य ठरवली, कारण तारीख, जागा आणि तपशील दिला की जबाब देणारा ओळखू येतो आणि मग या तरतुदीचा हेतूच उरत नाही.

इथे खटला नसतो, त्यामुळे काढून टाकण्यासारखेही काही नसते. धागाकर्ते ज्या किमतीविषयी लिहितात ती पूर्णपणे त्या माणसाने मोजायची असते, आणि ती म्हणजे दोन वर्षांपर्यंत घर, रोजगार आणि कुटुंब यांपासून दूर राहणे. २०२२च्या जानेवारीत जालना जिल्ह्यातील एका तडीपारीचा आदेश रद्द करताना सर्वोच्च न्यायालयाने ही असाधारण उपाययोजना आहे, संचाराच्या मूलभूत हक्कावर ती घाला घालते आणि कमाल मुदत लावायची तर तिचे कारण आदेशात दिसले पाहिजे, असे बजावले. तरीही ‘अ’ आणि ‘ब’ खरोखर आहेत का, हे आदेश देणाऱ्या यंत्रणेबाहेरच्या कोणी पाहावे अशी पायरी या कायद्यात नाही. ती असायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

सत्र_वकील

मराठवाडी वाचक यांच्या मताशी मी सहमत आहे. कायदा बदलेपर्यंत वकिलाच्या हाती काय आहे, एवढे सांगतो, कारण नवे वकील बंधू-भगिनीही इथे वाचतात.

नाव विचारण्यात वेळ घालवू नये. अधिकारी कलमाचा आधार घेतील आणि प्रश्न तिथेच नाकारला जाईल. कलमाने झाकलेले नाही ते विचारावे. एनडीपीएस कायद्याच्या कलम ४२प्रमाणे इमारतीत, वाहनात किंवा बंदिस्त जागेत शिरून झडती घ्यायची, तर मिळालेली माहिती लिहून काढणे आणि तिची प्रत ७२ तासांत लगतच्या वरिष्ठाकडे पाठवणे बंधनकारक आहे. ती नोंद कोणी, कोणत्या वेळी लिहिली, तिच्यात आरोपीचे वर्णन काय होते, वरिष्ठाच्या कार्यालयात ती किती वाजता पोहोचली, स्टेशन डायरीतील पथक निघाल्याची वेळ तिच्याशी जुळते का, या एकाही प्रश्नाने माहिती कोठून आली हे उघड होत नाही. २००९ साली कर्नेल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने, विलंबाचे समाधानकारक स्पष्टीकरण असेल तर तो चालेल, मात्र या तरतुदीचे अजिबातच पालन न करणे चालणार नाही, असे सांगितलेले आहे.

याखेरीज न्यायालयाला केस डायरी मागवून ती स्वतः वाचण्याचा अधिकार आहे. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७२मध्ये होता आणि आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९२मध्ये आहे. ती डायरी पुरावा म्हणून वापरता येत नाही आणि आरोपीला सहसा पाहायला मिळत नाही, पण न्यायाधीशांना पाहता येते. वर वर्णन केलेल्या इन-कॅमेरा तपासणीच्या सर्वांत जवळ जाणारी आपल्याकडची सोय मला हीच दिसते. ती वापरावी असा लेखी अर्ज, बातमीच्या नोंदीतील विसंगती दाखवून, आरोप निश्चित होण्याच्या टप्प्यापासूनच द्यावा. अर्ज फेटाळला गेला तरी त्याची कारणे नोंदीवर येतात आणि अपिलात त्यांचा उपयोग होतो.